मावशीच्या सत्तरीचे फोटो कुठे अडकले

प्रिय गुन्वोर मावशीस,

येर्केरचा साष्टांग नमस्कार (पाठीने परवानगी दिली तेवढाच). तुझा गुडघा काय म्हणतो? ल्युलेओत बर्फ पडला म्हणे. पायऱ्यांवर वाळू टाकल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

सत्तरीच्या वाढदिवसाचे फोटो अजून का आले नाहीत, असं तू फोनवर पुन्हापुन्हा विचारतेस. (फोनवर असलं बोलायचं नसतं, म्हणून मी हवामानाकडे वळतो.) सिक्स्टन काकांचे शेवटचे फोटो तेच, हे मला ठाऊक आहे. म्हणून सगळं कागदावर सांगतो. पाकीट उघडलेलं दिसलं, तर पोस्टमनचा चेहरा नीट बघून ठेव.

भानगड खालच्या मजल्यावरच्या टीराबाईंपासून सुरू झाली. इमारतीच्या धुण्याच्या खोलीत पाळीचा फळा आहे; ज्या वारावर आपलं कुलूप, त्या वारी मशीन आपलं. मी रविवारवर लावलेलं कुलूप मंगळवारवर सरकायचं. कुलपाला काय पाय फुटतात? मी जुना कॅमेरा खोलला, त्याला एक चिमुकला संगणक जोडला आणि सगळं साबणाच्या रिकाम्या खोक्यात बसवून तिथल्याच कपाटावर ठेवलं. त्याच संध्याकाळी माझ्या घरच्या नेटवर्कवर एक अनोळखी यंत्र दिसलं! कुणीतरी शिरलंय, आता काकांचे फोटो जाणार, या भीतीने मी फोटो ठेवलेल्या मोठ्या संगणकाची वायरच उपटली. मग घरातलं प्रत्येक यंत्र उघडून पाहिलं. (टोस्टर अजून जुळलेला नाही.) शेवटी कळलं, तो घुसखोर म्हणजे माझाच साबणाचा खोका. काखेत कळसा नि गावाला वळसा.

तेवढ्यात टीराबाई खोका घेऊन दारात. "येर्केर, यात साबण नाही, डोळा आहे! एवढा रिकामा असशील तर मशीनच्या जाळीतला कचरा काढ की." कुलूप त्याच सरकवत होत्या. रविवारी माझ्या चादरींच्या गरगरण्याने त्यांची झोपमोड होते म्हणे. (म्हणे!)

आता तो मोठा संगणक पुन्हा सुरू करताना परवलीचा शब्द मागतो. ठरावीक चुका झाल्या की तो सगळे फोटो स्वतःच पुसतो. ही सोय माझीच. मला तिचा फार अभिमान होता. आता एकच संधी उरली आहे.

तुझा येर्केर
(सही मुद्दाम वाचता येणार नाही अशी केली आहे.)

ता. क. तुझ्या सगळ्या मांजरांची नावं, पहिलीपासून क्रमाने, कळव. कशाला ते विचारू नकोस.

ता. क. २. बरं, सांगतो. परवलीचा शब्द मी वाढदिवसालाच काकांकडून घेतला. ते मांजरांची नावं सांगत गेले, मी टाइप करत गेलो. शेवटी म्हणाले, "सरक, शेवटचं मी घालतो. ते मांजराचं नाही. कुणी नसताना मी गुन्वोरला ज्या नावाने हाक मारतो, ते." आणि मावशी, मी मान फिरवली. कुणी परवलीचा शब्द घालताना आम्ही संगणकवाले मान फिरवतो, तशी सवयच असते. पोस्टमनवर संशय घेणाऱ्या माणसाने सभ्यता दाखवली ती नेमकी तेव्हा.

ता. क. ३. ते नाव कागदावर लिहू नकोस. टीराबाईंनी त्यांची पाहुण्यांची खोली देऊ केली आहे (का, ते शोधतो आहे). तूच ये आणि घाल. मी मान फिरवीन.