पितळी ताटाचा उजेड

बाबा,

सिंदीच्या रेल्वे क्वार्टरमागच्या ओट्यावर आपण दोघं चहा घेत बसलो आहोत. मला उन्हाळ्याची सुट्टी आहे, तुमची पार्सल ऑफिसातली ड्यूटी दुपारची आहे. मी बशीतल्या चहावर फुंकर घालते आहे आणि तुम्ही आईच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं लेन्स पुसता आहात. भिंतीवर एक साळुंकी आपल्याकडे पाठ करून बसली आहे. मला तिचं तोंड फोटोत हवं आहे, म्हणून मी टाळी वाजवते. साळुंकी उडते. तुम्ही लेन्स खाली ठेवता, आणि आवाज न चढवता म्हणता, "टाळी वाजवून पाखराचं तोंड फिरवतं काय? आपले पाय हलवायचे, त्याची जागा नाई हलवायची. इतकं समजत नसन तं कॅमेऱ्याले हात लावू नोको." त्या सुट्टीत तुम्ही मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाहीत. मी रडले होते, पण मनातून पटलंही होतं. टाळी वाजवण्यात काहीतरी चोरटं आहे, हे मला त्या दिवसापासून कायमचं कळलं.

तुमच्याकडे ती एकच लेन्स होती, पन्नास मिलिमीटरची. जुना कॅमेरा कोणी नागपूरहून आणून विकला होता, त्याच्यासोबत आलेली. तिला दूरचं जवळ आणता यायचं नाही. मोठं हवं असेल तर आपणच पुढे सरकायचं, आणि फार पुढे सरकलं तर सगळं धूसर. बारशाला, मुंजीला, स्टेशनमास्तरांच्या निरोपाला तुम्ही त्याच लेन्सनं फोटो काढायचात, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच लेन्सनं आईच्या चुलीवरची वाफ, दोरीवरचे कपडे, रांजणाखाली पाणी प्यायला येणाऱ्या चिमण्या. "गरिबाची लेन्स हाय," तुम्ही म्हणायचात, "पन थांबाले शिकवते."

आता माझ्याकडेही पन्नासचीच लेन्स आहे. प्लास्टिकची, हलकी, हातात घेतली तर खेळणं वाटावं अशी. मुलीनं तिचा जुना कॅमेरा दिला, त्यावर ती लावली आहे. मी निवृत्त झाल्यापासून वर्ध्याच्या या घराच्या परसात रोज सकाळी बसते. मातीच्या परळात पाणी भरून ठेवलेलं असतं. बुलबुल जोडीनं येतात, दयाळ एकटा येतो आणि उगाच रुबाब करतो. लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं की मागची विटांची भिंत विरघळून जाते आणि पाण्याच्या काठावरचा एवढासा पाय तेवढा धारदार दिसतो. पक्षी नसतील तेव्हा मी तुमच्यासारखीच घरातलं काहीबाही टिपते. तुरीच्या शेंगा सोलणारी आईची बोटं, कपाच्या कानाजवळ साचलेला उजेड. मुलगी पुण्याहून हसते. "आई, अगं झूम घे ना एखादी! किती सरकत बसशील त्या स्टुलावरून?" मी तिला तुमचं वाक्य ऐकवते. पाय आपले हलवायचे. आयुष्यभर मी ते वाक्य वर्गातल्या मुलींना, शेजारणींना, ज्याला त्याला ऐकवत आले आहे, आणि त्याच्या पाठोपाठ तुमच्या शिंजीराच्या फोटोची गोष्ट.

ती गोष्ट तुम्हीच मला सांगितलीत. न्हाणीमागच्या लिंबूच्या झाडाला शिंजीराचं, त्या फुलांतला मध पिणाऱ्या इवल्याशा पाखराचं, घरटं लटकलं होतं. मी तेव्हा वर्ध्याला कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर होते. तुम्ही रोज ड्यूटीआधी झाडाजवळ नुसते बसायचात, कॅमेरा न घेता. मग कॅमेरा मांडीवर ठेवून. मादीला तुमची सवय झाली, ती भिईनाशी झाली, आणि एका सकाळी हातभर अंतरावरून तुम्ही तो फोटो काढलात. घरट्याच्या दारात पिल्लाची उघडी चोच, वर मादीची बाकदार चोच, मागे दुधासारखं पांढरं. मी सुट्टीत घरी आले तेव्हा तुम्ही रिकामं घरटं माझ्या ओंजळीत ठेवलंत. "पिल्लं उडाली," तुम्ही म्हणालात, "घर तुह्यासाठी ठेवून गेली." कोळ्याच्या जाळ्यानं शिवलेलं, आत कापूस लावलेलं ते घरटं मी होस्टेलवर नेलं. सिस्टरांनी संयमावर निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी तुमच्यावर लिहिला. त्यांनी तो फळ्याशेजारी लावला आणि वर्गाला म्हणाल्या, हिच्या वडिलांकडून शिका.

पुढे बी.ए. झाल्यावर मला नागपूरला फोटोग्राफीचा कोर्स करायचा होता. आठवतं? तुम्ही दाढी करत होता, आरशातूनच माझ्याकडे पाहिलंत. "थांब जराशी. बी.एड. करून घे. लग्न होऊ दे. वेळ आपसूक येते." मी काही बोलणार, तेवढ्यात तुम्ही साबणाचा ब्रश भिंतीवरच्या त्या फोटोकडे केलात. "ते पाय. घाई केली असती तं भेटला असता?" उत्तर भिंतीवर टांगलेलं होतं. मी थांबले. बी.एड. झालं, लग्न झालं, अल्लीपूरच्या शाळेत नोकरी लागली, मुलगी झाली. प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी थांब म्हणालं, आणि प्रत्येक वेळी मला तो फोटो आठवला. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. मला वाटायचं, मी शिंजीराची वाट पाहते आहे.

यंदा माझ्याच परसात शिंजीरानं घरटं केलं. इथल्या लिंबूच्याच झाडाला, सावलीत, पानांच्या आड. मी तुमच्यासारखीच बसायला लागले. आधी नुसती, मग कॅमेरा मांडीवर घेऊन. मादीला माझी सवय झालीसुद्धा. पण फोटो होईना. सावलीत सगळं काळपट, मागे भिंत अंधारी, आणि एक पान नेमकं दाराच्या आड. एका सकाळी मी घरात आले आणि बैठकीत तुम्ही काढलेल्या त्या फोटोसमोर थांबले. इतकी वर्षं मी त्यात पक्षी पाहत होते, त्या दिवशी उजेड पाहिला. मादीच्या चोचीची सावली घरट्यावर कोरल्यासारखी पडली होती. म्हणजे डोक्यावरचं, थेट ऊन. आणि पोटाखालीही उजेड होता, खालून आलेला, जसा झाडात कधी नसतो. मागचं पांढरं मला लहानपणी धुकं वाटायचं. न्हाणीमागे धुकं कुठलं? तिथे काळ्या विटांची भिंत होती आणि ऊन दिवसभरात फिरकत नसे. लिंबूची पानं, बाबा, तीही मी पहिल्यांदा पाहिली. ती मरगळून खाली आली होती.

आई तिथेच पाटावर बसून पितळी ताटात वाटाणे सोलत होती. मी विचारलं, "आई, हा फोटो कुठं काढला गं बाबांनी?"

"कुठं म्हंजे? आपल्या आंगनात. दोरीपाशी."

"घरटं तर न्हाणीमागं होतं ना?"

"होतं. तिकडं उजेड कुठं होता वं? मंग कैचीनं फांदी कापली न् इकडं आनून खांबाले बांधली. मागून माही पांढरी चादर सोडली. म्या खाली बसून ताट धरलं होतं उनात, हेच. हात मोडून गेलता माहा. हे म्हने, हलू नोको, हलू नोको. मी काय फोटोत येत होती काय हलाले?" ती हसली. तिला ते गमतीचं वाटत होतं, अजूनही.

"आणि मादी आली?"

"येईन नाई तं काय करन? पिल्लं चिरकून राह्यली होती. माय होती ना ते."

आईनं दोन शेंगा सोलल्या आणि न विचारताच सांगितलं. "येप्रिलचं ऊन बाई. ह्याईची गाडीची वेळ झाली, ते गेले ड्यूटीवर. फांदी तशीच राह्यली. मले वाटलं, मादी येऊन राह्यली तं ठीक असन. दुपारी पाह्यलं तं चूप झाली होती पिल्लं. म्याच पुरली जास्वंदीखाली. रात्री आले तं जेवले नाई तुहे बाबा. म्हने, पोरीले नोको सांगू, रडन ते."

"इतक्या वर्षांत तूही नाही सांगितलंस."

"तू बी कधी इचारलं नाई." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "काऊन वं? आता काय कोर्टात उभं करते त्याईले?"

मी त्या दिवशी जेवले नाही. आई म्हणाली, बापावरच गेली. मुलीला फोन केला तर तिनं मला समजावलं. "आई, त्या काळी पक्ष्यांचे फोटो काढणारे सगळेच फांद्या कापायचे गं. आजोबांच्या लेन्सला दुसरा उपायच नव्हता." तिचं बरोबर असेल. तुम्ही फांदी कापलीत, त्याचं मला दुःख आहे, पण ते पिल्लांचं दुःख आहे. माझं दुःख वेगळं आहे, आणि ते तिला फोनवर सांगता येईना. तुम्ही मला सांगितलं असतंत, पोरी, मला राहवलं नाही, माझ्या हातून हे झालं, तर मी रडले असते आणि मग तुमच्याजवळ येऊन बसले असते. तुम्ही तसं केलं नाहीत. तुम्ही मेलेल्या पिल्लांचं घरटं माझ्या ओंजळीत बक्षीस म्हणून ठेवलंत. जो फोटो घाईनं मिळाला होता, तो दाखवून मला थांबवलंत. एका साळुंकीसाठी टाळी वाजवली म्हणून तुम्ही माझ्याकडून कॅमेरा काढून घेतला होता, बाबा, आणि आरशातून पाहताना तुमचा हात हलला नाही, दाढीचा फेससुद्धा सांडला नाही. मी किती वेळा तो चेहरा आठवून पाहिला. त्यात कुठे काही चमकून गेलं का, हे शोधत राहिले. मला काही सापडत नाही. मला कोर्सला जाऊ न देण्याचं तुमचं कारण दुसरं काही असेल, घरची ओढाताण असेल, लोक काय म्हणतील असेल. ते सांगायचं होतं. मी तेही ऐकलं असतं.

आणि नेमकं आत्ताच शाळेनं फोटो मागितला आहे. अल्लीपूरच्या शाळेची आजची मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. तिला ही गोष्ट पाठ आहे. मागच्या रविवारी घरी आली होती. "मॅडम, सभागृहात लावतो आम्ही तो शिंजीराचा फोटो. उद्घाटनाले तुम्हीच गोष्ट सांगजा. आजकालच्या पोरींले दोन मिनिटं थांबन होत नाई." आई आतून ऐकत होती. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की जणू मी काय बोलते यावर तिचं पुढचं म्हातारपण अवलंबून आहे. मी म्हटलं, कळवते. मुख्याध्यापिका गेल्यावर आई म्हणाली, "देऊन टाक. पोरी पाह्यतीन. पन आतली गोष्ट नोको सांगू. मेलेल्या मानसाचे कपडे काढतं काय कोनी चारचौघात?" मी म्हटलं, "आणि पोरींना काय सांगू? थांबा?" आई ताट पुढे ओढून घेत म्हणाली, "तुले जे खरं वाटन ते सांग. म्या ताट धरलं होतं, ते बी सांगजो मंग. माहं नाव कुठीच नाई त्या फोटोत."

म्हणून ठरवलं आहे, आणि तुम्हाला आधी सांगते आहे, कारण तुम्ही मला आधी सांगितलं नव्हतं. फोटो शाळेला जाईल. खाली एक ओळ असेल, माझ्याच अक्षरात: फांदी कापून उन्हात बांधली होती, पिल्लं जगली नाहीत, ताट आईनं धरलं होतं. त्याखाली तुमचं नाव. ज्या मुलीला कुठे जायचं असेल तिनं तो पाहून जावं. तुमचा जुना कॅमेरा आणि त्याची लेन्स शाळेलाच, कपाटात बंद न ठेवता मुलींच्या हातात द्यायच्या अटीवर. माझी प्लास्टिकची पन्नासची मुलीला. तिनं वाटलं तर वापरावी, झूम घ्यायची तर खुशाल घ्यावी. ताट आईचंच, तिच्यामागे माझं. इतकी वर्षं जपलेलं ते घरटं कोणाला नाही. सिंदीहून आणलेल्या फांदीची जास्वंद इथे वाढली आहे, तिच्याखाली आई आणि मी ते उद्या सकाळी पुरणार आहोत. आमच्या परसातली पिल्लं परवा उडाली. त्यांचा फोटो नाही.

राहिली ती कात्री. तुमचीच, फिल्म कापायची, काळ्या मुठीची. आई म्हणते, फांदी याच कात्रीनं कापली होती. लेन्स पुसायच्या कपड्यासोबत ती बैठकीच्या खणात पडून असते. ती मी कोणाच्या नावानं लिहिलेली नाही. ते घरट्याच्या आड येणारं पान होतं ना, बाबा, त्या सकाळी मी घरात ती कात्री घ्यायलाच आले होते.