घरच्या घरी केलेली तपासणी

ता. ११ फेब्रुवारी, शनिवार

धाकटे,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडून. तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला कारण पत्र लिहिणं हे माझं काम नव्हे, तुला माहीत आहे. आपल्या घरात कागद आईने वाचायचे आणि ओझी मी उचलायची. आता दोन्ही माझ्याकडे. अक्षराला हसू नकोस.

लाँड्रीत नवीन मशीन आलं. एका वेळी साठ चादरी धुतं. मुकादमीण म्हणते, आता तुमचे कष्ट वाचले. कसले वाचले? ओल्या साठ चादरी बाहेर कोण ओढणार, तिचा नवरा? मी तसं तोंडावर म्हटलं. दोन दिवस बोलली नाही, तेवढीच शांतता.

आईचं कपाट अजून आवरलेलं नाही. साड्या तुला हव्यात का कळव. शाल मी ठेवून घेतली, विचारत नाही.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस की बंदरावर चारचौघांत मला अडाणी म्हणालीस ते तुला झोपू देत नाही. आईशीही त्या रागात नीट बोलली नाहीस आणि मग ती गेलीच. माफी मागितलीस. वर लिहिलंस की ये, माझ्याकडेच राहा, त्याच जहाजाचं तिकीट काढते, आता कोरोनाची कसली तपासणी लागत नाही.

पत्र मी तीनदा वाचलं. एकदा लाँड्रीत, दोनदा घरी. माफीच्या ओळीशी आले की घडी घालून ठेवते. तू शिव्या दिल्या असत्यास तर त्याच दिवशी उत्तर टाकलं असतं, त्या मला झेपतात.

तर ऐक. मधे थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू जून महिन्यात आम्हाला तिकिटं पाठवलीस, न्यायला स्वतः बंदरावर येणार होतीस. सोबत जहाजवाल्यांच्या नियमांचा कागद होता, चढण्याआधी तपासणी करून आणायची म्हणून. आई खुळ्यासारखी खूश झाली होती. चालायला दम लागायचा तरी दिवसातून चार वेळा पिशवी भरायची आणि उपसायची. म्हणायची, "जहाजावर खिडकी आपल्याला मिळेल ना गं? नाहीतर आत बसून पाणी न बघता जायचं, तर मग न्हाणीघर काय वाईट?" मी म्हटलं, खिडकी नसली तर तुझ्यासाठी भोक पाडायला लावते. ती हसली, मग खोकत बसली.

निघायच्या आधीच्या सोमवारी मी कामावरून लवकर आले. गरम पाण्याची नळी फुटली होती, सगळ्यांना सोडलं. आई स्वयंपाकघरात होती, फोन मोठ्या आवाजात लावून. तिला त्याशिवाय ऐकू यायचं नाही. मी दारात चपला काढत होते. तुझा आवाज आला.

"परतीचं तिकीट मी फक्त ताईचंच काढलंय. तू माझ्याकडेच राहायचं."

आई म्हणाली, "आणि थोरलीला कोण सांगणार?"

"मी सांगेन जहाजावर. तिथून कुठे पळणार आहे ती?"

तू हसलीस. आईपण हसली. मग म्हणाली, "बघू. तिचे हाल होतील गं." पण नाही म्हणाली नाही. धाकटे, मी कान देऊन ऐकत होते, ती नाही म्हणाली नाही.

मी चपला परत घातल्या आणि खाली जाऊन बसले. अर्ध्या तासाने आले, रोजच्या वेळेला.

तुझा राग आला नव्हता असं लिहिणार होते, पण खोटं कशाला. आला होता. अकरा वर्षं आईला अंघोळ मी घातली. नखं मी कापली. रात्री ती उठली की माझी झोप आधी उडायची. तू महिन्यातून दोनदा फोनवर गोड बोलणार आणि शेवटी तिला घेऊन जाणार, मला परतीचं एकच तिकीट. पण खरं सांगू का, रागापेक्षा भीती जास्त होती. ती नसलेल्या घरात मी कामावरून येऊन कोणावर ओरडणार होते?

बुधवारी मी तपासणीच्या दुकानात गेले. आईला घेतलं नाही, म्हटलं आधी चौकशी करते. तिथला नाकात काड्या घालणारा माणूस भला होता. चष्मा मास्कच्या वाफेने पांढरा झालेला, तरी आपला नियमांचा कागद धरून सगळं वाचून दाखवलं. म्हणाला, "दोन तपासण्या चालतात. एक नाकातून घेऊन मोठ्या मशीनवर लावतात, उद्या अहवाल. दुसरी झटपट, इथेच, दहा मिनिटांत, माझ्या सहीशिक्क्याने. शुक्रवारी निघायचं ना? मग आज या किंवा उद्या या. आईंना खुर्ची देतो."

मी म्हटलं, "आणि औषधाच्या दुकानात घरी करायची डबी मिळते ती?"

"ती तुमच्या समाधानासाठी. जहाजावर चालणार नाही. इथं लिहिलंय बघा." आणि त्याने त्या ओळीभोवती पेनने गोल काढला. "चुकूनसुद्धा आणू नका. मागच्या आठवड्यात एक नवरा-बायको घेऊन गेले, परत पाठवलं. नवरा बंदरावर उभा राहून रडला म्हणे."

मी त्याला बरं म्हटलं. बाहेर आले. शेजारीच औषधाचं दुकान. दोन डब्या घेतल्या.

तू म्हणतेस मला कळलं नाही. पाच इयत्ता झाल्यात माझ्या. दिवसभर चादरींवरच्या चिठ्ठ्या वाचते, कुठली कुठल्या खोलीची, कुठली उकळत्या पाण्यात टाकायची, कुठली नाही. एक चुकली तर मजुरी जाते, माझी आजवर गेली नाही. "चालणार नाही" एवढं मला वाचता येत होतं. पेनने गोल काढलेलं तर आंधळीलाही दिसलं असतं.

गोल काढलेला कागद मी लाँड्रीच्या कचऱ्यात टाकला. आईने विचारलं, "नियम वाचून दाखवू का?" मी म्हटलं, मी वाचले, तू पिशवी भर. गुरुवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिच्या नाकात काडी फिरवली. ती शिंकली आणि म्हणाली, "आता जहाजावर चढले की शिंकायचं नाही, नाहीतर समुद्रात टाकतील." दोघींच्या पट्ट्यांवर एक-एकच रेघ आली. दोघी ठणठणीत. पट्ट्या मी रुमालात बांधल्या, जणू काही दागिनेच.

बंदरावर काय झालं ते तू पाहिलंस, फक्त माझ्या बाजूने पाहिलं नाहीस. टेबलावरची मुलगी म्हणाली, ही घरी केलेली आहे, कोणासमोर केली त्याची सही कुठे? मी म्हटलं, माझ्यासमोर केली, मी काय भिंत आहे? मागे लोक हसले. ते मी मुद्दाम बोलले. भांडले तेही मुद्दाम. फाटक बंद व्हायला चाळीस मिनिटं होती आणि गावातून परत तपासून यायला दोन तास. मला माहीत होतं.

तू ओरडलीस, "तीनदा सांगितलं होतं! फोन करून सांगितलं होतं! अडाणी ती अडाणीच राहणार!"

मला तेव्हा काय वाटलं सांगू? सुटले असं वाटलं. तो शब्द तू माझ्या अंगावर टाकलास आणि मी तो गोधडीसारखा ओढून घेतला. त्याच्याखाली कोणी बघणार नव्हतं. आई तुला म्हणाली, "तिला नको बोलू. तिने आपल्या परीने केलं." तुला चढायला सांगितलं, तुझी नोकरी, तुझी सुट्टी संपत होती. तू मागे न बघता गेलीस. आई कठड्याला धरून उभी होती. जहाज हललं, भोंगा झाला, ती हात हलवत राहिली. तू कुठल्या खिडकीत आहेस ते तिला दिसत नव्हतं, म्हणून सगळ्या खिडक्यांना हलवत होती.

नोव्हेंबरात ती गेली. पाच महिने मिळाले मला. चोरून मिळवलेले पाच महिने. त्यात ती रोज एकदा विचारायची, "धाकटीचा फोन?" मी म्हणायची, कामात असेल. तू कामात नव्हतीस, रागात होतीस, आणि तो राग मी लावला होता. एक फोन मी करू शकले असते. एवढंच म्हणायचं होतं की चूक नव्हती, मी केलं. तुझा सगळा राग माझ्यावरच आला असता आणि आईशी तू बोलली असतीस. मी केला नाही.

शेवटच्या आठवड्यात मी तिचं अंग पुसत होते. ती एकदम म्हणाली, "मला कळलं होतं गं."

मी म्हटलं, "काय कळलं होतं?"

तिने ओल्या फडक्याला हात लावला. मग म्हणाली, "पाणी गार झालंय, बदल."

मी पाणी बदलून आणलं. परत विचारलं नाही. चार दिवस होते विचारायला. तिला कळलं होतं ते काय, काडीचं, की मी दारात ऐकलं त्याचं, की दुसरंच काही, मला माहीत नाही. कळून ती राहिली तर माझ्यासाठी राहिली, की मला घाबरून राहिली, तेही माहीत नाही. पाणी बदलत बसले.

तर तुझी माफी मला घेता येत नाही. ती माझी नाही. आईची असेल तर तिच्यापर्यंत कशी पोचवायची ते मला कळत नाही, तू जास्त शिकलेली आहेस.

तिकीट काढलं असशील तर रद्द कर. नसशील काढलं तर हे वाचून झाल्यावर आठ दिवस थांब, मग ठरव. मला फोन करायचा असेल तर दुपारी दोननंतर कर, तेव्हा मशीन बंद असतं. शिव्या देणार असशील तरी कर.

इथे मी लिहिलं होतं की फोनची वाट बघणार नाही. खोडलं. दोन वाजले की बघणार आहे.

तुझी,
थोरली