नावं ठेवायची वही

शनिवार, ३ मे. आसनगाव

आलो बाई एकदाचे! कल्याणच्या तिसऱ्या मजल्यावरून सामान उतरवताना नवऱ्याची, शेखरची, कंबर धरली आणि ओरडून ओरडून माझा घसा बसला, पण आता पाय जमिनीवर आहेत. बैठं घर. पुढे ओटा, मग बाहेरची खोली, मागे स्वयंपाकघर, परसात शेवगा. चाळीसेक वर्षांपूर्वी रेल्वेतल्या लोकांनी प्लॉट घेऊन बांधलेली ही वसाहत, सगळी घरं बुटकी आणि एकसारखी. शेखरची कंपनी इथून सायकलवर वीस मिनिटं. मला हे घर हवंय. फार हवंय. पण मालकाला ते कळता कामा नये.

मालक म्हणजे कमळूकाका. रेल्वेतून रिटायर झालेत, बायको भीमाबाई गेल्या वर्षी वारली, आता खर्डीला मुलीकडे राहतात. म्हणाले, आधी पंधरा दिस राहून बघा, मग भावाचं बोलू. एकच अट घातली. उंबऱ्याच्या आत वाईट बोलायचं नाय. घर ऐकतं, आन् ऐकलं की हो म्हणतं, कुणीबी बोलो. भीमाबाईला नवऱ्याला शिव्या घालायच्या असल्या की ती फाटकाबाहेर रस्त्यावर जायची, पोटभर घालायची आणि आत येऊन गुमान भाकरी वाढायची. ऐकून माझी हसून मुरकुंडी वळली.

ही वही मी मुद्दाम घेतली, घराचे दोष लिहायला. आई मुरबाडच्या बाजारात भाजी विकायची. ती सांगते, जे गिऱ्हाईक मालाला नावं ठेवतं तेच शेवटी घेऊन जातं, तेही स्वस्तात. तर आता बघाच.

लेक पारू मात्र खूश आहे. साडेसहा वर्षांची, नुकतीच पहिली पास झालीये. येताना सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत आली, अक्षराला अक्षर जोडत, बोट नाचवत. काही लिहिलेलं दिसलं की वाचायचंच, हे नवं खूळ. शेवटी टेम्पोवाल्यानं आपला रेडिओ बंद केला बिचाऱ्यानं.

रविवार, ४ मे

आज घर तपासलं. भिंतींना गाल लावून बघितला, पापडासारख्या कोरड्या. चौकटी सागाच्या, ठोकल्या तर खणखणीत. लादीवर पारूची गोटी ठेवली, जागची हलली नाही. एक खोट सापडेल तर शपथ. वैतागच आला.

मग काका आल्यावर मनानेच दोष काढले. म्हटलं, ही पश्चिमेची भिंत पाझरते वाटतं. दाराच्या चौकटीला वाळवी लागलीये. आणि हा शेवगा, हा आज ना उद्या पत्र्यावर पडणार. काका पाणी पीत होते, त्यांचा तांब्या हातातच राहिला. हात जोडून म्हणाले, पोरी, भाव पाडायचाय ना, चल रस्त्यावर, तिथं माझ्या बापाचं नाव काढ, पण हितं नको गो. म्हातारा पक्का आहे. भाव टिकवायची ही त्याची तऱ्हा असणार.

सोमवार, ५ मे

पश्चिमेच्या भिंतीला ओल आली. भर मे महिन्यात! बाहेर अंगाची लाही होतेय आणि भिंतीवर तळवा ठेवला तर ओला. शेखर म्हणाला, मानलं तुझ्या नजरेला. काल याच भिंतीला मी गाल लावला होता.

तरी मनात आलंच, चला, भाव उतरेल. माणूस मेलं किती हावरट असतं.

बुधवार, ७ मे

सकाळी चौकटीला हात टेकला तर बोट आत गेलं. आतून नुसता भुसा, आणि वाळवी अशी वळवळत होती की मी चप्पल टाकून पळाले. दुपारी शेवगा पडला. वारा नाही, पान हलत नव्हतं. पत्रा फाटून स्वयंपाकघरात ऊन आलं.

संध्याकाळी शेखर कामावरून आला, पंख्याखाली बसला आणि म्हणाला, आता हा पंखाही बंद पडतोय बहुतेक. वाक्य संपलं आणि पंखा थांबला. लाइट होती. शेखर हसला आणि म्हणाला, या गरमीत पंखा नाही म्हणजे मी— मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. इतका जोरात की त्याचा ओठ फुटला. त्याला वाटलं मला उन्हाचा त्रास झालाय.

भिंतीला एक रात्र लागली. पंख्याला काहीच वेळ लागला नाही.

गुरुवार, ८ मे

काय लिहू.

दुपारी फाटक्या पत्र्यातून ऊन डोक्यावर. पंखा नाही. डोकं फुटत होतं. पारू डाळीच्या पिशवीवरचं वाचत होती, मग माचिसवरचं, मग कॅलेंडरवरचं, आणि दर शब्दाला आई बघ, आई बघ. मी म्हटलं, एकदाची गप्प हो गं बाई, तोंड उघडू नकोस परत.

गप्प झाली. कॅलेंडरवर बोट तसंच.

रुसली असेल. रुसलीच असेल. आता रात्रीचं जेवण झालं, अजून एक शब्द नाही.

शुक्रवार, ९ मे

रुसलेली नाही. तोंड उघडते, गळ्याच्या शिरा ताणते, आवाज नाही. रडतेही बिनआवाजाची. शहापूरला डॉक्टरकडे नेलं. घसा चांगला आहे म्हणाले, घाबरली असेल, येईल आवाज.

मीच केलं. माझ्या या जिभेनं.

शनिवार, १० मे

पारूला घेऊन टोकावड्याला आईकडे गेले. वाटलं, घराबाहेर काढली की सुटेल. एसटीत पाट्या दिसल्या की तिचे ओठ हलायचे, बस्स. आईनं तिला पोटाशी धरून विचारलं, काय झालं माझ्या पोरीला?

काकांना फोन केला. चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, आत बोललेलं आतच सुटतं, बाहेर नेऊन उपयोग नाय. चांगलं बोल. पण वाईट लगेच लागतं, चांगल्याला दम लागतो. आणि मग हळूच म्हणाले, तू आता कमी बोल गो.

रविवार, ११ मे

परत आलो. शेखर म्हणतो, हे घर नको, दुसरी खोली बघू. मी नुसती मान हलवली. घर मला तरी कुठे हवंय आता? पारूचा आवाज हवाय. घर सोडलं तर तो इथेच राहील.

घरात मी तोंड उघडत नाही. दिवसातून तीन वेळा एकच वाक्य बोलते. माझी पारू बोलेल. बाकी सगळं या वहीत. लिहिलेलं घर ऐकत नाही. दोन पानं भरून लिहिलं आणि काही झालं नाही, म्हणजे खात्री झाली.

सोमवार, १२ मे

बोलायचं नाही ठरवलं की नको तेच मनात येतं. भांडी घासताना येतं, पारूची वेणी घालताना येतं. जिभेच्या टोकावर येऊन बसतं. दात आवळून आवळून जबडा दुखतोय.

जड झालं म्हणून दुपारी वेगळ्या पानावर तारीख टाकून ते लिहून काढलं. वाटलं, कागदावर उतरलं की तोंडात येणार नाही. तिचं नाव होतं आणि तिचा श्वास. पुढचं इथे लिहीत नाही. लगेच पान फाडलं. जाळायला काडी ओढली आणि विझवली— घरात आग नको, तसला विचारही नको. चुरगाळून पिठाच्या डब्यामागे टाकलंय. बाहेर टाकलं तर कुणाच्या हाती लागेल, उद्या शेखरबरोबर लांब पाठवीन.

माझी पारू बोलेल. माझी पारू बोलेल.

मंगळवार, १३ मे

शेखर सहालाच गेला. पान द्यायचं विसरले.

ओट्यावर बसलेय. इथे उंबऱ्याबाहेर निदान श्वास मोकळा घेता येतो. पारू आत स्वयंपाकघरात खेळतेय. डब्यांचा आवाज येतोय.

आवाज! पारूचा आवाज! बोलतेय! खरंच बोलतेय, घोगरी, पण तीच— देवा रे. रडू येतंय, अक्षर दिसत नाही. ऐकलं गं घरानं, चांगलंही ऐकलं. कमळूकाकांना फोन करते. शेखरला आधी. नको, आधी ऐकू दे पोटभर. वाचतेय काहीतरी, तसंच अक्षराला अक्षर जोडून. वाच गं राणी, वाच, दिवसभर वाच—

काय वाचतेय?

सो-म-वा-र.

बा-रा मे.

पिठाचा डबा—

दारातून दिसतेय, कागद सरळ करतेय. खुशीत आहे. आई बघ म्हणाली. पुढे दोनच ओळी. पहिली वाचतेय. म-ना-त सा-र-खं ये-तं. दुसरीत तिचं नाव—

इथून ओरडले, वाचायच्या नादात तिला ऐकूच जात नाही. धावले तरी पोचणार नाही. उंबऱ्याच्या आत एक पाय टाकून ओरडलं तर पोचेल. घर लगेच ऐकतं. थांब म्हटलं तर श्वासही— बंद कर म्हटलं तर— नाही. एकच शब्द आहे. तोच. तो परत बोलले तर हा आवाज परत कधी—

पा-रू-चा—

पाय आत टाकला. पारू, ग