हिचा स्कर्ट लांब करताना

४ मार्च, सोमवार
ही अजून मेहुणीकडे. तिचं घर तळमजल्यावर, जिने नाहीत, म्हणून ऑपरेशननंतर तिकडेच ठेवली. रविवारी घरी येणार, पुढच्या सोमवारपासून म्युझियममध्ये पुन्हा गाईडच्या कामावर. करड्या, गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टमध्ये. दिवसभर जिन्यावर उभी, आणि खाली लोक.
गुडघ्यावर वीतभर टाक्यांची खूण आहे. डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा हिचा चेहरा मी बघितला नाही, पण अंदाज आला.
ठरवलं. स्कर्ट लांब करायचा, पोटरीच्या खालपर्यंत. जुन्यात वाव नाही, नवाच शिवतो. हिला कळू द्यायचं नाही.
म्युझियमला नाव न सांगता फोन केला. लांबीची अट नाही म्हणाले. तुम्ही कोण, असंही विचारलं. ठेवून दिला.

५ मार्च, मंगळवार
हिच्या कपाटात स्कर्टचा पॅटर्न सापडला. ब्राऊन पेपरचे दोन भाग, पुढचा आणि मागचा. मध्ये आडवी रेघ, त्यावर हिच्या अक्षरात ‘लांबी वाढवायची तर इथे कापून’. कशाला? चांगला कागद मधोमध का कापायचा? स्कर्ट खाली संपतो, तर वाढवायचाही खालीच.
बस डेपोची वेळापत्रकं मी बनवतो. मार्ग वाढला की शेवटच्या स्टॉपपुढे वाढवतो, मध्ये कापून नाही. (बस उशिरा येतात तो ड्रायव्हरांचा प्रश्न.)
रात्रीच्या जेवणाआधी खाली कागद चिकटवला, बाजूच्या रेघा पट्टीने सरळ पुढे नेल्या. स्कर्ट खाली थोडा निमुळता आहे, त्यामुळे लांबवल्यावर आणखी निमुळता झाला. दिसायला रुबाबदार.

६ मार्च, बुधवार
चिमणीला कळलं. आमची मुलगी, कॉलेजात जाते, प्रश्न विचारते. आईने मागितलाय का, म्हणाली. मी म्हणालो, आईचं न मागणं हेच मागणं असतं. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.
मेहुणीचा फोन. ही आज हाफ पँट घालून अंगणात चालली म्हणे, शेजारच्या पोरांनी टाके मोजले. बिचारी. सगळं हसण्यावारी नेते. मेहुणीला वाटतं खरंच हसते.
काम जोरात हवं.

७ मार्च, गुरुवार. सकाळी
रजा टाकली. साहेबांना सांगितलं, घरगुती अडचण.
कापड हिने जपून ठेवलेलं करडं लोकरी. एकच तुकडा. मिळतंजुळतं आता दुकानात नाही, विचारून आलो. म्हणजे चुकायचं नाही. नाहीतरी मी चुकत नाही.
कात्री हातात घेतली. ठेवली. चहा प्यायलो. परत घेतली.

त्याच दिवशी, दुपारी
कापलं.
पुढचा भाग आणि मागचा भाग खाली जुळत नाहीत. रुंदीत दोन बोटांचा फरक. मागच्याची पट्टी बहुतेक सरकली होती. जास्तीचं कापून टाकलं, दोन्ही सारखे झाले. आधी होते त्यापेक्षा अरुंद, पण सारखे.

८ मार्च, शुक्रवार
मशीन चालवलं. बॉबिनमध्ये दोरा भरण्यात सकाळ गेली. टाके काही ठिकाणी लांब पडलेत, आतल्या बाजूने आहेत, कोण बघतंय.
पॅटर्नमध्ये मागे खालून वर एक उघडी फट ठेवलेली होती. हिची शिवायची राहून गेली असावी. मी शिवून टाकली. मागून का होईना, पायाचं काही दिसायलाच नको.
चिमणी म्हणाली, बाबा, ती चालण्यासाठी असते. मी म्हणालो, तुझी आई चालते, उड्या मारत नाही.

९ मार्च, शनिवार
चिमणीला घालून बघायला लावलं. ती दारापासून सोफ्यापर्यंत गेली, इतकी छोटी पावलं टाकत की चहा निवला. मग सोफ्यावर बसायला गेली आणि आडवी झाली. सवय नाही तिला.
आई पडेल, असं म्हणाली. मोठ्याने नाही, अगदी हळू. मला ते आवडलं नाही. तुझ्या आईची काळजी तुझ्यापेक्षा मला जास्त आहे, असं बोलून गेलो. ती स्कर्ट काढून खोलीत गेली. जेवताना बोलली नाही.
इस्त्री केली. इस्त्रीनंतर फार चांगला दिसतो.
झोप नीट नाही. उकाडा असेल.

१० मार्च, रविवार
ही आली. टॅक्सीतून उतरली, कठडा धरून दोन मजले स्वतः चढली. मी मागे हात पसरून. माझी गरज पडली नाही.
स्कर्ट दिला. हिने उलटून शिवण बघितली, सुलटून बघितली. ‘तुम्ही शिवलात?’ म्हणाली. मग ‘घालते,’ म्हणाली. आवडला, हे उघड होतं.
घालून आली. घोट्याच्या जरा वर. खूण कुठेही दिसत नव्हती. मी चिमणीकडे बघितलं. चिमणी भिंतीकडे बघत होती.
ही म्हणाली, ‘जिन्यावर बघू या, तिथे जिनेच आहेत.’
बाहेर आलो. हिने वरच्या मजल्याची पहिली पायरी चढायला चांगला पाय उचलला. तो अर्ध्यावर अडला. कापडाने धरून ठेवला. सगळा भार ऑपरेशनच्या गुडघ्यावर. हिचा हात कठड्यावरून सुटला आणि ही मागे आली. चिमणी ओरडली. मी धरलं, म्हणजे मध्ये आलो. त्याच क्षणी बाजूची शिवण खालपासून वरपर्यंत उसवली आणि हिचा पाय मोकळा होऊन खाली टेकला.
माझी शिलाई कच्ची होती म्हणून वाचली. पक्की असती तर काय, ते लिहीत नाही.
ही पायरीवर बसली. मी शेजारी. चिमणी पाणी आणायला गेली.
‘कोणासाठी लांब केलात?’ हिने विचारलं.
‘तुझ्यासाठी. लोक बघतील म्हणून.’
‘लोक बघू देत. पट्टी सोडली तेव्हा तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता.’
‘गाडी नीट लावली आहे का, ते बघत होतो.’
‘आपल्याकडे गाडी नाही.’
मी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळू लागलो.
उसवलेल्या बाजूने गुडघा दिसत होता. ही तो झाकत नव्हती.

११ मार्च, सोमवार
ही जुना स्कर्ट घालून कामावर गेली. गुडघ्यापर्यंतचा. मी दारात उभा राहिलो, नीट जा म्हणालो, आणि बघितलं हिच्या पर्सकडे.
डेपोत लक्ष नव्हतं. वेळापत्रकात तीन नंबरची बस एकाच वेळी दोनदा सोडली.
संध्याकाळी ही खुशीत. शाळेची पोरं आली होती. एकाने जिन्यावरच विचारलं, हे काय झालं. हिने सांगितलं, स्कूटरवरून पडले, आत स्क्रू आहेत. मग कोणी तलवारींकडे जाईना. स्क्रू किती, गंजतील का, विमानतळावर वाजतील का. ही सांगत होती आणि चिमणी हसत होती. चिमणी माझ्याशीही बोलली. मीठ द्या, एवढंच, पण बोलली.
जेवणानंतर हिने एक ट्यूब पुढे केली. डॉक्टरांनी खुणेवर रोज मलम चोळायला सांगितलंय. इतके दिवस मेहुणी चोळायची. आता तुम्ही, म्हणाली. स्वतः वाकायला अजून अवघड जातं.
हो म्हणालो. अवघड काय त्यात.
स्टुलावर पाय ठेवून ही बसली. मी मलम बोटावर घेतलं आणि मन लावून चोळू लागलो, हलक्या हाताने, गोल गोल. चांगलं जमत होतं.
ही म्हणाली, ‘अहो, डोळे उघडा. ती पोटरी आहे.’