चितळाचा फोटो

चि. ईरा,

अभनपूरच्या शेतात आलेलं चितळ कुत्र्यांनी मारलं, मी त्याले वाचवाले धावलो, असं मी तुले फोनवर सांगितलं, ते खोटं आहे. कुत्रे तिथं नव्हतेच. तुले व्हिडिओ पाठवावा म्हणून मी अन् सुधाकरकाका मोटरसायकलींनी त्याच्या मागं लागलो. दमून ते बसलं, तं मले वाटलं, माणसाळलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी फोटो काढवला. ते थरथरून राहिलं होतं, तसंच मेलं. अंगावर ओरखडाही नव्हता. वनरक्षक म्हणाला, "भैया, ये डर से मरा है।"

तोच फोटो तू घरात लावला. खाली लिहिलं, 'चितळाला वाचवणारे माझे बाबा'.

हे पत्र टाकलं, तं तू तो भिंतीवरून काढशील. म्हणूनच टाकवत नाही, बेटा.

तुझा,
बाबा