यतीनचं नवं आडनाव

३ नोव्हेंबर, श्रूजबरी, अमेरिका
यतीन आपलं आडनाव टाकणार! लग्नाच्या फॉर्ममध्ये हॅनाचं लावणार — वेदरथॉर्प. ती एकुलती एक, वडिलांमागे नाव बुडेल म्हणून. "आई, तू नाही म्हणालीस तर नाही करणार, प्रॉमिस. शुक्रवारी, चौदाला फॉर्म द्यायचाय."
आणि भडसावळे बुडालेले चालतील? ह्यांच्या फोटोकडे बघवलं नाही. भाजी करपली, तीच खाल्ली. टाकायची कशाला!

५ नोव्हेंबर
पुण्याला शैलजावन्सं फोनवर — "घरजावई म्हणायचा की मग! इकडे कुणाला बोलू नका हो वहिनी."

८ नोव्हेंबर
देवापुढे कौल लावला. शेवंती सहा डॉलर! पण देवाचं काम. उजवं फूल पडलं, म्हणजे हो. हीटरच्या वाऱ्यानं पडलं असेल — हीटर बंद करून फूल पुन्हा लावलं. पुन्हा उजवं. गारठले, आणि उत्तर तेच.
तरी तोंडून हो निघेना.

११ नोव्हेंबर
हॅनाचे वडील, रसेल, चहाला आले. अडेल तिथे यतीन सांगत होता. मी नावाचा अर्थ विचारला. इंग्लंडातलं गाव म्हणे — वेदर म्हणजे मेंढा, थॉर्प म्हणजे वाडी. मेंढ्यांची वाडी! गावावरून पडलेलं, आपल्या 'कर'वाल्यांसारखंच. पुढे जमीनदाराला कुरणं हवी झाली, माणसं हाकलली. मेंढ्यांनीच गाव खाल्लं की! एक घर बोटीनं इकडे आलं. तिकडे आता त्या नावाचं कुणी नाही.
तरुणपणी ते बघायला गेले होते. नुसतं गवत, आणि देवळाच्या — चर्चच्या — पायाचे दगड. "वाटलं, कुणीतरी हाक मारेल." चहा निवला.
उठताना म्हणाले, "मी हे मागितलेलं नाही. पोरांचं खूळ आहे. तुमचं नाव तुमच्याकडेच राहू दे."
मी बोलून गेले, "ते माझं कुठलं? लग्नात मिळालेलं."
"मग तुमचं कोणतं?"
वेतोशीकर. लग्न झाल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. तोंडात नवंच वाटलं.
"किती उरलेत?"
आम्ही तिघी बहिणी. तिघी तीन घरी गेलो. "बाबांनंतर कुणी नाही," म्हटलं. असं मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. यतीननं इंग्रजीत सांगितलंच नाही, पण त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा बसून घेतलं.

१३ नोव्हेंबर
जपात लक्ष नाही. आळीच्या टोकावरून बाबांना हाक यायची — "अहो वेतोशीकर!" सारखी तीच ऐकू येते.

१४ नोव्हेंबर
यतीनला हो म्हटलं. हॅना गळ्यात पडून रडली. आपल्या बाबांसाठी असं काही मागता येतं, हे मला कधी सुचलंसुद्धा नव्हतं.