गार्निकच्या वाट्याचे घर

मी, वाहान मेलिकसेत्यान, वय एकाहत्तर, अरागात्स पर्वतावरच्या वेधशाळेतला निवृत्त खगोलशास्त्रज्ञ, पूर्ण शुद्धीत हे लिहितो. कोणाची बळजबरी नाही. थंडीने बोटे आखडलीत, अक्षराला हसू नये.

१. पुस्तके मुलगी नायिरा हिला. सगळी उरलेली नाहीत; लढाईमुळे वीज नव्हती त्या हिवाळ्यांत बरीच चुलीत गेली. परग्रहांवरच्या संस्कृतींची प्रतवारी आम्ही ऊर्जेवरून करत असू: पहिली आपल्या ग्रहाची सारी ऊर्जा वापरणारी, दुसरी आपल्या ताऱ्याची, तिसरी अख्ख्या आकाशगंगेची. ती पाने जाळून आम्ही बटाटे उकडले. माझी बायको शुशान म्हणाली, "तुमच्या त्या तिसऱ्या प्रतीवाल्यांना सांगा, आमच्याकडे एक बल्ब तेवढा लावा म्हणावं."

२. तुतीची दारू गाळायचे भांडे शेजारी होव्सेप याला. अट एकच, त्याने तो मेंढा विसरावा. एकदा वेधशाळेत आम्हाला आकाशातून ठरावीक ठोके ऐकू आले. परग्रहावरचे कोणी सापडले या हर्षाने मी मेंढा कापून रीतीप्रमाणे सात घरी मांस वाटले. मग कळले, तो आपल्याच लष्कराचा उपग्रह! तेव्हापासून हा फाटकाशी ओरडायचा, "काय वाहान, पाहुणे कधी येताहेत? मेंढा बांधून ठेवू?" माझा मुलगा गार्निक बेपत्ता झाल्यापासून ओरडत नाही. ते जास्त लागते.

३. घर. हे गार्निकच्या वाट्याचे ठेवले होते. तो त्र्याण्णव साली सीमेवरच्या लढाईतून परतला नाही. प्रेतही मिळाले नाही. नायिरा म्हणते, "बाबा, तो गेला असं कागदावर मान्य करा. घर विकू, आईला मी माझ्याकडे नेते. इथल्या थंडीत मरेल हो ती." खरे बोलते. पण माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी घालतात ते जेवण शुशानने त्याच्या नावाने घातलेले नाही, आणि मीही अडून बसलो. उत्तर आले नाही म्हणजे तिथे कोणी नाही असे होत नाही, हे मी आयुष्यभर शिकवले. ते ताऱ्यांपुरते ठीक होते. शुशानला आता दम्यामुळे जिना चढवत नाही.

म्हणून घर नायिराला, विकायच्या मोकळीकीसह. गार्निकला मृत ठरवण्याच्या अर्जावर सही करून तो सोबत जोडला आहे. शुशानला हे माझ्यामागे कळावे. तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

४. माझे चाळिसाव्याचे जेवण घालाल, त्याच दिवशी गार्निकचेही घालावे.

वाहान मेलिकसेत्यान
अरागात्सचा पायथा, ९ नोव्हेंबर १९९६

साक्षीदार:
होव्सेप दारबिन्यान. (वहिनींना बोलावून वाचायला दिलं. असं पाठीमागे बरं नाही, वाहान.)
शुशान मेलिकसेत्यान. (वाचलं. घर विका. जेवण तुमचं एकट्याचंच घालीन.)